भिंतीवरची बुरशी पुसून भागत नाही: पावसाळ्यात या चुका टाळा

जुलै उजाडला की पुण्यातल्या पुष्कळ घरांत दोन गोष्टी एकदमच दिसायला लागतात. कपाटामागच्या भिंतीवर काळपट-हिरवे ठिपके येतात आणि घरातलं कुणीतरी सकाळी उठल्या उठल्या शिंकायला लागतं. ठिपक्यांसाठी रंगाऱ्याला फोन जातो, शिंकांसाठी डॉक्टरांना. पण रंगाऱ्याला शिंकांचं कुणी सांगत नाही आणि डॉक्टरांना भिंतीचं.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते घरात शिरूच नयेत असा काही उपाय नाही. खाद्य म्हणाल तर लाकूड, कापड, कातडं, पुठ्ठा, पुस्तकं, रंगाचा थर, साचलेली धूळ यातलं काही ना काही प्रत्येक घरात असतंच. कमी असतं ते पाणी, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये तेही पुरेसं मिळतं. घरातली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं प्रमाण, ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी असं तज्ज्ञ सांगतात. भर पावसात बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्यामुळे बुरशी दिसली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: इथे पाणी कुठून येतंय? खालच्या जवळपास सगळ्या चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

डागावर रंग मारणं

ही सगळ्यात महागडी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. दिवाळीच्या आधी रंगारी येतो, बोटाने पोपडा उचकटून बघतो आणि म्हणतो, "काकू, घासून पुट्टी भरतो, वर डॅम्पप्रूफचे दोन हात मारतो, परत बघायला नको." दिवाळी झकास जाते. पुढच्या आषाढात त्याच जागी रंग फुगतो, आणि फुगवटा दाबला की आतून ओलसर भुकटी सांडते. भिंतीतलं पाणी आतच असतं, वरच्या प्लॅस्टिक पेंटने त्याची बाहेर पडायची वाट तेवढी बंद केलेली असते. ओल लपवायला पीव्हीसी पॅनेल किंवा वॉलपेपर लावणं हे याहून वाईट. त्याच्यामागे काय चाललंय ते वर्षानुवर्षं दिसतच नाही.

डाग कुठे आहे आणि कधी येतो, यावरून बरंच कळतं. एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यातही भिंत ओली असेल, तर पावसाला दोष देऊ नका. वरच्या मजल्यावरची बाथरूम, नहाणी ट्रॅप (सांडपाण्याची जाळी आणि तिच्याखालचं भांडं) किंवा भिंतीतली पाइपलाइन तपासा. पहिल्या दोन-चार मोठ्या सरींनंतर डाग उमटत असेल, तर बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट किंवा गच्चीचा कोबा यांकडे बघा. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या खोल्या आधी ओल धरतात. आणि ठिपके फक्त कोपऱ्यात, कपाटामागे किंवा पलंगाच्या उशाशी असतील, भिंत हाताला फारशी ओली लागत नसेल, तर तिथे बहुधा हवा खेळत नाही आणि घरातलीच वाफ गार भिंतीवर बसते.

तरीही कळत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. समोरच्या, खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर तो हवेतला. या दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यासाठी गळती काढावी लागते, दुसऱ्यासाठी हवा खेळती ठेवली तरी बरंच भागतं.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच, असंही नाही. भिंतीतल्या क्षारांचा लोणा बाहेर आला तर तोही पांढरा, भुसभुशीत दिसतो. त्यावर थोडं पाणी टाका. लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. अर्थात लोणा आला म्हणजे भिंतीत पाणी आहे, एवढं तर पक्कंच.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी. तिथल्या माती-चुन्याच्या भिंती जमिनीतली ओल शोषून कमरेपर्यंत वर चढवतात आणि वाळताना ती बाहेर सोडतात. अशा भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. लाकडी खांबांचे पाय त्यातच कुजतात. वाडा दुरुस्त करताना चुन्याचंच काम करणारा गवंडी शोधा. मिळायला वेळ लागेल, पण त्यासाठी थांबणं परवडतं.

खर्च कुणाचा हे न विचारता स्वतःच दुरुस्ती करून घेणं

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची, ड्रेनेजची गळती काढणं हे सोसायटीचं काम आहे. सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्याने काढायची. म्हणजे वरच्यांच्या नहाणीतून पाणी झिरपत असेल तर वरच्यांनी. इमारत नवी असेल तर रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, बघा: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या, फोटोसकट, तारखेसकट. जिन्यात भेटल्यावर चेअरमनच्या कानावर घातलं, एवढ्याने काही होत नाही.

कोरड्या झाडूने झटकणं, आणि ब्लीचवर भिस्त ठेवणं

बुरशीवर कोरडा झाडू फिरवला की लाखो बीजाणू खोलीभर उडतात. वर पंखा चालू असेल तर घरभर. लहान जागा असेल, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट, तर घरच्या घरी साफ करता येते. त्याहून मोठी असेल, किंवा घरात दमेकरी असेल, तर माहितगार माणसाकडून करून घ्या आणि दमेकऱ्याला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

पंखा बंद, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. तोंडावर एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. आधी जागा ओली करायची, मग साबणाच्या पाण्याने फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं आणि जागा पूर्ण वाळू द्यायची. फरशी, काच, टाइल्स यांच्यावर एवढं पुरतं. ब्लीच वापरायचंच असेल तर लिटरभर पाण्यात साठ मिलिलिटरपेक्षा जास्त नको. प्लास्टर आणि लाकडात बुरशीचे धागे आत गेलेले असतात. ब्लीचने वरचा रंग उडतो, आतलं तसंच राहतं. कुजलेलं प्लास्टर खरवडून काढण्याला पर्याय नाही.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वासावर उदबत्ती

कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास हीच बुरशीची पहिली वर्दी असते. तो दाबायला धूप, उदबत्ती, रूम फ्रेशनर वापरलं की वर्दी ऐकू येत नाही, आणि ज्याची छाती आधीच कुरकुरतेय त्याला धुराचा त्रास वेगळाच. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, ओलीवर त्यांचा उपयोग नाही. बाळाच्या दुपट्यांमध्ये तर त्या ठेवूच नयेत. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात.

मामींच्या कोथरूडच्या घरी एकदा सागवानी कपाट पुढे ओढायला मदत केली होती. मागची भिंत जमिनीपासून छातीपर्यंत काळी, आणि कपाटाच्या प्लायला करड्या लवेचा थर. आत वरच्या कप्प्यात पैठणी होती. घडी उलगडली तर जरीच्या काठावर पांढरे ठिपके. भिंत कुठूनही गळत नव्हती. कपाट भिंतीला इतकं चिकटवून ठेवलं होतं की मध्ये हवेला शिरायलाच जागा नव्हती. आता ते चार बोटं पुढे असतं, आणि पाऊस उघडला, ऊन पडलं की दारं सताड उघडी असतात.

खोलीत दोरीवर कपडे वाळत घालणं हेही असंच. धुण्यातलं लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि भिंतीवर बसतं. वाळवायलाच लागले तर एका खोलीत, दार बंद करून, खिडकी किलकिली ठेवून आणि एक्झॉस्ट चालवून. अंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्टही थोडा वेळ चालू राहू द्या, आणि तो हवा डक्टमध्ये खरोखर फेकतोय ना ते पातळ कागद धरून बघा. डक्टात पारव्यांनी घरटी करून तो तुंबवलेला असतो, हे पुण्यात घरोघरी. पारव्यांची विष्ठा फुप्फुसांना स्वतंत्रपणे अपायकारक आहे, तेव्हा जाळी बसवून घ्या.

पुरात भिजलेलं जपणं

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरं भरली. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर भागात हेच केलं. अशा वेळी भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळल्या नाहीत तर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात त्या वाळत नाहीत. जीव तुटतो, पण नाल्याच्या पाण्यात भिजलेली गादी, उशा, फुगलेला प्लाय ठेवू नका. भांडी, स्टील, काच, पक्कं लाकूड धुऊन वाळवता येतं.

खोकल्याचं कारण फक्त छातीत शोधणं

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, श्वसनाचे त्रास आणि दमा यांचा धोका जास्त असतो, हे त्यात स्पष्ट मांडलंय. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. एकाच घरात एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचं नाक महिनोन् महिने वाहतं. जास्त जपायचं ते तान्ह्या बाळांना, दमेकऱ्यांना, जुना फुप्फुसाचा आजार असलेल्यांना, किमोथेरपी घेणाऱ्यांना आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना. ब्रिटनमध्ये रॉचडेल इथे दोन वर्षांच्या मुलाचा २०२० मध्ये मृत्यू झाला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे झालेला श्वसनाचा आजार हे त्याचं कारण २०२२ मधल्या चौकशीत नोंदवलं गेलं, आणि त्यावरून तिथे कायदा बदलला.

एक खूण पाहून ठेवा. चार-आठ दिवस गावी गेल्यावर शिंका-खोकला थांबतो आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होतो का? तसं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, भिंतीचा फोटो दाखवा. दरवर्षी पावसाळ्यात मनानेच अँटिबायोटिक घेणं किंवा बरं वाटलं म्हणून इन्हेलर सोडून देणं, दोन्ही घातक. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्परजिलस या बुरशीची तीव्र ॲलर्जी होते. तिला डॉक्टर एबीपीए म्हणतात. आपल्या देशात तिचे एक्स-रे पाहून क्षयाची औषधं सुरू झाल्याची उदाहरणं थोडी नाहीत. दमा आटोक्यात येत नसेल, बेडक्यात तपकिरी गुठळ्या पडत असतील, तर छातीविकारतज्ज्ञांना आयजीई या ॲलर्जीच्या रक्ततपासणीबद्दल विचारा.

उलट टोकाची भीतीही नको. २०२१ च्या कोविड लाटेत 'काळी बुरशी' म्हणून गाजलेला म्युकरमायकोसिस आणि भिंतीवरचे काळे डाग यांची गल्लत करू नका. तो आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड्स यांमुळे बोकाळला होता. बुरशीच्या रंगावरून ती किती विषारी ते ठरत नाही, आणि प्रयोगशाळेत बुरशीची जात तपासून घेण्यावर पैसे घालण्यापेक्षा प्लंबरवर घालावेत.

भाड्याचं घर फेब्रुवारीत बघून घेणं

शिकायला, नोकरीला आलेली मुलं हिवाळा-उन्हाळ्यात घर पसंत करतात, तेव्हा सगळ्याच भिंती सुंदर असतात. बंद कपाटं उघडून वास घ्या, सिंकखाली आणि पलंगाच्या बॉक्समध्ये हात घाला, खालच्या मजल्यावरच्यांना विचारा की पावसात काय होतं. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर मालकांना कारण विचारा, आणि ते पटेपर्यंत डिपॉझिट देऊ नका.