जेटमधून काळे पापुद्रे येतायत? व्हर्लपूल टब साफ करताना या चुका टाळा

जेटमधून, म्हणजे कडेच्या तोंडांतून, पाण्याचे झोत सोडणारा आंघोळीचा टब वरून स्वच्छ दिसतो. पाणी भरून पंप सुरू केला की जेटमधून काळपट, तपकिरी पापुद्रे बाहेर पडतात आणि पाण्याला कुबट वास येतो. मग टब पुन्हा घासला जातो, आणखी महागडं लिक्विड आणलं जातं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. कारण मळ टबमध्ये नसतोच, तो नळ्यांमध्ये असतो.

पंप सक्शनच्या जाळीतून पाणी ओढतो आणि टबच्या कडेनं फिरवलेल्या नळ्यांतून जेटकडे ढकलतो. टब रिकामा केला तरी नळ्यांच्या वळणांत आणि पंपाच्या पोटात थोडं पाणी उरतंच. त्या पाण्यात साबण, अंगाचं तेल, त्वचेचे कण असतात. अंधार, ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू तिथे चिकट थर धरतात. पुढच्या वेळी पंपाच्या दाबानं त्या थराचे तुकडे सुटतात, तेच हे पापुद्रे. हा फक्त किळसवाणा प्रकार नाही. लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतात आणि जेटच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करू शकतात. घरात वयस्कर माणसं असतील किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर नळ्यांची सफाई टाळू नका.

दोन औषधं एकत्र टाकणं

सगळ्यात धोकादायक चूक ही, म्हणून आधी हीच. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर, ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि बाजारात बाटलीत मिळणारं फरशीचं अ‍ॅसिड यांपैकी काहीही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबर ब्लीच मिसळलं तरी विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये टबात वाकून घासणाऱ्याच्या थेट नाकातोंडात तो जातो. आणि घासणारं माणूस बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या मावशी असतात. "ताई, दोन्ही टाकलं, लवकर निघंल म्हणून," असं त्या भल्या मनानं सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही. कुठली बाटली कशाबरोबर चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अ‍ॅसिडची बाटली बाथरूममधून हलवा, मावशींना हातमोजे द्या, खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून काम करायला सांगा. चुकून मिश्रण झालंच आणि डोळे चुरचुरू लागले, तर साफ करत बसू नका. सगळ्यांनी बाहेर पडा, दार उघडं टाका. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

चिकट थरावर आधी अ‍ॅसिड

नळ्यांतल्या थरात तेल आणि साबण असतो, त्याला लागतो डिटर्जंट. व्हिनेगर तिथे जवळजवळ निकामी असतं. नीट क्रम असा: जाळी आणि जेट वरून पुसून घ्या. टबमध्ये गरम पाणी सगळ्यात वरच्या जेटच्या ५-७ सेंटिमीटर वरपर्यंत भरा. हवा मिसळणारे नॉब बंद करा, म्हणजे पाणी पूर्ण जोरानं नळ्यांतून फिरेल आणि फेसही कमी होईल. डिशवॉशर मशीनमध्ये घालायची कमी फेसाची पावडर २-३ चमचे टाका, पंप १० ते १५ मिनिटं चालवा आणि पाणी सोडून द्या. भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर इथे चालत नाही. जेटच्या जोरानं तिचा इतका फेस होतो की तो टबबाहेर येतो आणि नळ्यांतून निघता निघत नाही.

मग टब पुन्हा भरा, या वेळी कोमट पाण्यानं. साधं घरगुती ब्लीच अर्धा कप, म्हणजे सुमारे १२० मिली, टाकून पंप १० मिनिटं चालवा. गरम पाण्यात ब्लीचची वाफ त्रास देते आणि त्याची ताकदही लवकर जाते. शेवटी साध्या पाण्यानं एकदा पंप चालवून टब रिकामा करा. ब्लीच रात्रभर नळ्यांत ठेवू नका, रबरी सील खराब होतात. टबाबरोबर आलेल्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा.

पावडर आणि ब्लीच एकदमच टाकून पाणी वाचवावं, असं वाटेल. पण डिशवॉशर पावडरमध्ये बऱ्याचदा ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं. ते आणि क्लोरीनचं ब्लीच एकमेकांना निकामी करतात.

एका सफाईत तीन टब पाणी जातं हे खरं. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडच्या घरात हे मनाला लागेल, आणि लागलंच पाहिजे. डिटर्जंटचं पाणी अंगण धुवायला वापरा. ब्लीचचं पाणी मात्र झाडांना घालू नका.

बोअरच्या पाण्यावर २ कप व्हिनेगर

कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज या भागांत क्षारपड जमीन काय असते ते सांगावं लागत नाही. बऱ्याच घरांतलं बोअरचं पाणीही तसंच जड असतं. या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला भेटलं की न विरघळणारा राखाडी साका तयार होतो. तो टबच्या पाणरेषेवर आणि जेटच्या तोंडाशी बसतो. वर पांढऱ्या क्षाराचा थर चढतो.

यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे भरलेल्या टबमध्ये २ कप व्हिनेगर. त्याचा हिशेब करून पाहा. टबमध्ये २५० लिटर पाणी आहे आणि त्याची क्षारता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे असं धरा. ही क्षारता मोडायलाच ५ टक्क्यांचं व्हिनेगर जवळपास पावणेदोन लिटर लागेल. तुमचे २ कप पाण्यातले क्षारच खाऊन टाकतात, नळीतल्या थरापर्यंत काहीच पोचत नाही.

क्षार काढायचे तर सुटे भाग काढून काढा. बहुतेक जेटचे नोझल हातानं डावीकडे फिरवले की सुटतात. १ लिटर कोमट पाण्यात २-३ चमचे लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून त्यात ते अर्धा-एक तास बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा, धुवा. पाणरेषेवरच्या साक्यावर हेच पाणी फडक्यानं १५ मिनिटं ठेवा. मग डिटर्जंटनं पुसा, कारण अ‍ॅसिडनं साका फुटला की त्यातली चरबी मागे राहते. टाइल्समधल्या व्हाइट सिमेंटवर हे पाणी ओघळू देऊ नका. आणि ब्लीचच्या सफाईच्या दिवशी हे काम नको, दिवस वेगळा ठेवा.

टबवर पिवळट-तांबूस डाग असतील तर ते लोहाचे. तिथे ब्लीच टाकलं तर लोहाचा गंज होऊन डाग आणखी पक्का बसतो. त्यालाही लिंबूसत्वच.

घरी नळाचं आणि बोअरचं दोन्ही पाणी येत असेल, तर टबसाठी नळाचं पाणी राखून ठेवा. साताऱ्यात कासचं पाणी येणाऱ्या भागांत हा त्रास पुष्कळ कमी असतो.

टीसीएल, तारेची घासणी, थिनर

ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घरात असते म्हणून टबात टाकली जाते. तिचे न विरघळलेले कण आणि चुना नळीत बसतो. पिण्याच्या पाण्यासाठी ती चांगली, टबसाठी नाही. तारेची घासणी अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे काढते आणि पुढचा मळ त्याच ओरखड्यांत रुततो. मऊ स्पंज आणि खायचा सोडा पुरे. थिनर आणि अ‍ॅसिटोननं अ‍ॅक्रिलिकची चकाकी कायमची जाते.

दिवाळीत तेल-उटण्यानिशी टबमध्ये उतरणं

नरक चतुर्दशीला अंगाला तेल चोळून, उटणं लावून मुलं थेट टबमध्ये उडी घेतात. हौस कळते. पण उटण्याची भुकटी तेलात भिजून सक्शनच्या जाळीवर आणि नळ्यांत लगदा होऊन बसते. गुलाबपाकळ्या, बेसन आणि दुधाचंही तेच. आधी बादली-तांब्यानं आंघोळ करून तेल-उटणं नीट काढा, मग टबमध्ये बसा.

सिलिकॉनमधली बुरशी

टब आणि भिंतीच्या सांध्यावरचे काळे ठिपके पावसाळ्यात जास्त दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत तर काहीच वाळत नाही. बुरशी वरवर असेल तर कापसाच्या वाती ब्लीचमध्ये भिजवून सांध्यावर दोन तास ठेवा, मग धुवा. तरी डाग राहिला तर बुरशी सिलिकॉनच्या आत गेली आहे, कितीही घासा, निघणार नाही. जुनं सिलिकॉन ब्लेडनं कापून काढा, सांधा पूर्ण वाळू द्या आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. ओल्या सांध्यावर नवं भरणारा मिस्त्री असेल तर त्याला थांबवा. ओव्हरफ्लोच्या झाकणामागेही बघा, तिथली बुरशी बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

तरी अडचण राहिली तर

दोनदा साफ करूनही पापुद्रे येत असतील, तर आठवड्यानं पुन्हा तेच करा. वर्षानुवर्षांचा थर एका दिवसात सुटत नाही. एकच जेट मंद असेल तर नोझल अडकलाय. सगळेच मंद असतील आणि पंप घरघरत असेल तर सक्शनच्या जाळीत केस अडकलेत. पंपाचा एमसीबी बंद करूनच जाळी उघडा आणि केस काढल्यावर ती पुन्हा घट्ट बसवा. जाळीशिवाय पंप कधीच चालवू नका, लांब केस आत ओढले जाण्याचा धोका असतो. पंप कोरडा फिरवून "वाळवू" नका, त्याचा सील जळतो.

तुमच्या टबमध्ये तळाला बारीक भोकं असून त्यांतून फक्त हवा येत असेल, तर तो एअर टब आहे. त्याच्या नळ्यांत वरची पद्धत वापरू नका. आंघोळीनंतर ब्लोअर चालवून नळ्या वाळवायच्या आणि बाकी सफाई पुस्तिकेप्रमाणे करायची.

रोज वापरात असलेला टब महिन्यातून दोनदा साफ करा. पाचगणीचा बंगला पावसाळाभर बंद राहणार असेल तर कुलूप लावण्याआधी पूर्ण सफाई करा. परत आल्यावर पहिलं पाणी अंगावर घेऊ नका. डिटर्जंट आणि ब्लीच दोन्ही फिरवून, साध्या पाण्यानं नळ्या धुवून, मगच टब वापरायला घ्या.