शहराचा विकास आराखडा सुधारायचा कसा?

विकास आराखडा म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची, हे साधारण वीस वर्षांसाठी ठरवणारा नकाशा. तो सुधारायचा म्हटलं की लगेच रंगांची घाई होते: इथे पिवळा निवासी पट्टा, तिथे हिरवं मैदान. रंगपेटी बाजूला ठेवा आणि आधी जुना आराखडा काढा.

जुन्याचा हिशेब

एक तक्ता करा. प्रत्येक आरक्षणासमोर, म्हणजे मैदान, शाळा, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेसमोर, लिहा: जागा ताब्यात आली का, त्यावर काय उभं राहिलं, अतिक्रमण आहे का, आणि काम झालं नसेल तर का नाही. शेवटचा रकाना भरायला सगळे टाळाटाळ करतात, पण खरी माहिती तिथेच असते. मोबदल्याला पैसे नव्हते म्हणून रखडलेलं मैदान आणि मुळात चुकीच्या जागी टाकलेलं मैदान, नकाशावर दोन्ही सारखीच हिरवी. पहिल्याला निधी हवा, दुसऱ्याला दुसरी जागा. हे न तपासता जुनी आरक्षणं तशीच पुढे ओढली, तर वीस वर्षांनी तीच यादी पुन्हा समोर येते.

आज जमिनीवर काय आहे?

निम्मी मेहनत इथे घाला. उपग्रहाच्या चित्रात छप्पर दिसतं, छपराखाली काय चालतं ते दिसत नाही. तळमजल्यावर गॅरेज, वर शिकवणी, त्याच्या वर बिऱ्हाड अशी इमारत असेल तर तिन्ही वापर नोंदवा. ‘निवासी’ लिहून पुढे जाऊ नका. नाले आणि ओढे तर चालतच बघा, शक्यतो पावसाळ्यात. प्रत्येक प्रभागातल्या लोकांना तो नकाशा दाखवा. आपली गल्ली चुकली असेल तर ते मिनिटभरात बोट ठेवतात.

या टप्प्यावरची कसूर किती महागात पडते, ते मुंबईने पाहिलं. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला आणि उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, गाळलेल्या वारसा वास्तू असे घोळ बाहेर आले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये.

किती माणसं, किती जमीन?

समजा लोकसंख्या १० लाख आणि वाढ वर्षाला ३ टक्के. वीस वर्षांनी ती साधारण १८ लाख होईल, म्हणजे ८ लाख माणसांची सोय करायची. हेक्टरी २०० माणसं धरली तर ४,००० हेक्टर लागतात, ३०० धरली तर सुमारे २,७००. म्हणून घनता आधी ठरवा. शहराची हद्द वाढवायची का, हा प्रश्न त्यानंतरचा. वाढीचे तीन दर धरून तीन हिशेब करा, कारण एकच आकडा हमखास चुकतो.

वाढ कुठे जाऊ द्यायची?

आधी ‘नाही’च्या जागा आखा: पूरक्षेत्र, तीव्र उतार, पाणथळ. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता; वीस वर्षांच्या आराखड्यात ती जवळपास १८ टक्के होते. उरलेल्या जमिनीत घरं वाहतुकीच्या मार्गांलगत ठेवा. कोपनहेगनने १९४७ साली हातांच्या बोटांसारखी आखणी केली: बोटांवर रेल्वे आणि वस्ती, मधल्या बेचक्यांत हिरवी जमीन. नुसती घरं दाखवून रोजगार शहराच्या दुसऱ्या टोकाला ठेवलात, तर रस्ते कितीही रुंद करा, तुंबणारच.

खर्च आणि क्रम

प्रत्येक आरक्षणासमोर खर्च, जबाबदार विभाग आणि टप्पा लिहा. पैशाची वाट दिसत नसेल तर त्या जमिनीच्या मालकाला वर्षानुवर्षं टांगून ठेवू नका.

हरकती आणि सूचना

मसुदा सोप्या भाषेत, सर्व्हे क्रमांक शोधता येईल असा मांडा. आलेल्या प्रत्येक हरकतीला क्रमांक द्या आणि ती नकाशावर टिपा. एकाच नाल्याभोवती पन्नास टिपके जमले तर सुनावणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, तिथे जाऊन या. मसुद्यात केलेला प्रत्येक बदल कारणासह जाहीर करा. एखाद्याच भूखंडाचा रंग शेवटच्या आठवड्यात बदलला आणि कारण लिहिलेलं नाही, तर लोक आपापलं कारण शोधतात, आणि बहुतेकदा बरोबर शोधतात.

मंजुरीनंतर सुरुवातीचाच तक्ता नव्या आरक्षणांसाठी रिकामा करून ठेवा. दर पाच वर्षांनी तो भरायचा, ‘का नाही’च्या रकान्यासकट.