गाणं ऐकताना काय प्यावं, काय नको: घरच्या बैठकीतल्या या चुका टाळा

रेकॉर्ड लावली, दिवा मंद केला, तंबोऱ्यांची गुंज खोलीभर पसरली आणि तेव्हा आठवलं की प्यायला काही केलेलंच नाही. मग स्वयंपाकघरात पळापळ, मिक्सरची घरघर, आल्यावर बत्त्याचे ठोके. परत येऊन टेकेपर्यंत बंदिशीचा मुखडा, म्हणजे फिरून फिरून येणारा सुरुवातीचा तुकडा, चार वेळा येऊन गेलेला असतो. थोर गवई अल्लादियाँ खाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी गायले, देवल क्लब या संगीतसंस्थेनं १८८३ पासून जिथं गाणं जपलं, त्या कोल्हापुरात चांगले कान घरोघरी आहेत. चुका मात्र सगळीकडे त्याच. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

पेय निवडताना चवीच्या आधी एक गोष्ट बघा. पहिला षड्ज, म्हणजे ‘सा’, लागायच्या आत ते तयार हवं आणि गाणं संपेपर्यंत त्यानं तुम्हाला उठवता कामा नये. ढवळायला लागणारं, गाळायला लागणारं, पाच मिनिटांत बेचव होणारं पेय कितीही आवडीचं असलं तरी ते जेवणाबरोबर घ्या, गाण्याबरोबर नको.

गुळाचा चहा फाटतो, कारण घाई

आपल्याकडे गूळ उत्तम मिळतो, त्यामुळे बैठक म्हटली की गुळाचा चहा ठरलेला. आणि तो फाटणंही जवळजवळ ठरलेलं. दहा-बारा माणसं जमलीत, मध्यंतरात पातेलं चढवलंय, पाणी, दूध, पावडर, गूळ सगळं एकदमच टाकलंय, आणि उकळी आली की दुधाच्या गुठळ्या वर. मग दोष दुधाला, नाहीतर गुळाला. दोष दोघांचाही नसतो. गूळ किंचित आंबट असतो आणि त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधाला आंबटपणा आणि क्षार एकत्र भेटले की त्यातलं प्रथिन गोळा होतं. गूळ जितका जुना, जितका पाणी सुटलेला, तितका धोका जास्त.

दोन मोठ्या कपांसाठी दीड कप पाणी, दोन चमचे चहा पावडर आणि तीन ते चार चमचे किसलेला गूळ घ्या. पाण्यात आलं टाकून तीन-चार मिनिटं उकळा, मग पावडर आणि गूळ घाला. गूळ पूर्ण विरघळून दोन उकळ्या आल्या की गॅस बंद. पाऊण कप दूध दुसऱ्या भांड्यात वेगळं गरम केलेलं हवं. चहाची उकळी पूर्ण बसू द्या, साधारण मिनिटभर, मग हे दूध बारीक धारेनं ओता आणि एकदाच ढवळा. त्यानंतर पातेलं परत गॅसवर चढवायचं नाही. ‘जरा कडक होऊ दे’ म्हणून परत उकळी आणणारे बहुतेक वेळा इथंच फसतात. कडक हवा असेल तर आधी पावडर वाढवा.

आल्याचंही तसंच. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर त्यातलं पाचक द्रव्य दूध फाडतं. पाण्यात आधी उकळलं की त्याचा जोर जातो. ‘आलं शेवटी घातलं की वास छान येतो’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका; वासासाठी शेवटी वेलदोडा आहे.

मंडळी जास्त असतील तर काळा गुळाचा चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवा. दुधाचा थर्मास वेगळा. प्रत्येकानं आपापल्या कपात मिसळून घ्यावं. एकदा ही सवय लागली की मध्यंतरात गॅसपाशी कुणालाच उभं राहावं लागत नाही.

कप मोठा, गाणं छोटं

एल.पी. म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डची एक बाजू वीस ते पंचवीस मिनिटं चालते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी दहा इंची रेकॉर्ड, जिला नुसतं ‘७८’ म्हणतात, ती तीन-साडेतीन मिनिटांत संपते. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. एवढ्या वेळात वाफाळता चहा पिण्याजोगासुद्धा होत नाही. तरी लोक ७८ लावतात आणि हातात मोठा मग घेऊन बसतात. दर तीन मिनिटांनी उठायचं, रेकॉर्ड उलटायची, हातातला मग खाली ठेवायचा, परत उचलायचा. सांडणार नाही तर काय होणार?

७८ ऐकायच्या दिवशी घोटभर मावेल असं लहान भांडं घ्या, किंवा चार-पाच बाजू ऐकून मग प्या. एल.पी.ला दीडशे मिलिलिटरचा चिनी मातीचा जाड कप बरोबर बसतो. आधी त्यात गरम पाणी घालून मिनिटभर ठेवा, ओतून टाका आणि मग चहा भरा. थंड कपात ओतलेला चहा पहिल्या दोन मिनिटांतच निम्मी ऊब गमावल्यासारखा लागतो. स्टीलचा पातळ पेला या कामाचा नाही. आधी ओठ भाजतो आणि बघता बघता गार होतो.

रात्री नऊनंतर बागेश्री, मालकंस असे रात्रीचे राग ऐकायला बसणार असाल तर चहा-कॉफीवर विचार करा. कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. अकराला झोपायचं असेल तर त्या वेळी गवती चहा नुसत्या पाण्यात उकळून घ्या, पावडरीशिवाय. कोमट झाला तरी चव जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

बर्फ आणि सोडा

विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चाललंय, गायक खर्जात, अगदी खालच्या सुरांत उतरलाय आणि तुमच्या पेल्यात बर्फ तडतडतोय. फ्रीजरमधला बर्फ साध्या तापमानाच्या सरबतात पडला की वरचा थर एकदम तापतो, आतला गारच राहतो, म्हणून तो तडकतो. बर्फ हवाच असेल तर दोन मिनिटं बाहेर ठेवा, पाण्याखाली धरा, त्याच्यावर ओलसर चमक आली की मग पेल्यात सोडा. त्याहून चांगलं म्हणजे सरबताची बाटलीच तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवायची. बर्फाशिवाय गार, आणि अर्ध्या तासानं पाणचटही होत नाही.

मसाला सोडा ही आपली आवडती गोष्ट, पण भरल्या सोड्यात मीठ टाकण्याची घाई सगळ्यांना. मिठाच्या कणांवर वायूचे बुडबुडे एकदम धरतात आणि पेला उतू जातो. सतरंजी, टेबल, कधी रेकॉर्डचं कव्हरसुद्धा भिजतं. आधी पेल्यात अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा काळं मीठ आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घ्या. मीठ बोटाला लागणार नाही इतकं ढवळा. मग पेला तिरका धरून दोनशे मिलिलिटर गार सोडा कडेकडेनं सोडा. वरून ढवळायचं नाही. आणि बाटली गाणं सुरू व्हायच्या आधी फोडा. गोटी सोड्याचा तो आवाज रस्त्यावर छान वाटतो, आलापीत नाही.

पेला कुठं ठेवता?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चहा फाटला तर दुसरा करता येतो, रेकॉर्ड गेली की गेली.

जुलै-ऑगस्टात कोल्हापूरच्या हवेत इतका दमटपणा असतो की गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं आणि दहा मिनिटांत खाली ओघळ येतो. हा पेला लोक सपाट जागा दिसली म्हणून ॲम्प्लिफायरवर ठेवतात. ॲम्प्लिफायरच्या वरच्या झाकणाला उष्णता बाहेर जायला फटी असतात, आणि पाणी त्याच फटींतून आत जातं. साधं पाणी एखादवेळ सुकून जातं. कोकमातली साखर आत चिकटून बसते आणि हवेतली ओल ओढत राहते. सोलकढी आणि मसाला सोड्यातलं मीठ तर विजेला वाट करून देतं आणि तांब्याला गंज चढवतं.

सांडलंच तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. चालतंय का बघायला परत सुरू करायचं नाही, सगळ्यात जास्त नुकसान याच उत्सुकतेनं होतं. झाकणही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल इतकी वीज साठलेली असू शकते. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा. साखर होती की मीठ, यावर त्याची साफसफाई ठरते.

पेल्यासाठी वेगळं लाकडी स्टूल ठेवा. उंची प्लेअरच्या टेबलाहून कमी, अंतर निदान दोन हात. पेल्याखाली जाड सुती रुमाल चौपदरी घडी करून. काचेच्या टीपॉयवर काचेचा पेला ठेवला की दर घोटाला टक् आवाज होतो, रुमालानं तोही जातो.

आता रेकॉर्डबद्दल. मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात ७८च्या रेकॉर्डींची पेटी होती. आजोबांनी जमवलेली, नातवानं मोठ्या हौसेनं उघडलेली. पहिल्याच रविवारी कोकम सरबताचे चार थेंब एका रेकॉर्डवर पडले. पोरगं हुशार, मोबाइलवर पाहिलं की रेकॉर्ड स्पिरिटनं स्वच्छ होते. कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि गोल गोल पुसायला लागला. कापूस काळा झाला. त्याला वाटलं, किती मळ होता! आणखी कापूस घेतला, आणखी पुसलं. तो मळ नव्हता, ती रेकॉर्ड होती. जुन्या ७८ लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतारकाम करणाऱ्याला विचारा, पॉलिश करायला लाख स्पिरिटमध्येच तर विरघळवतात. वाळल्यावर त्या पट्ट्याची चमक गेली होती, आणि सुई तिथं आली की गाण्याच्या जागी नुसती खरखर. सरबत पाण्यानं निघालं असतं.

एल.पी. विनायलची असते, तिला हा धोका नाही. हाच सल्ला ७८ला लावला की घात होतो, आणि मोबाइलवरचे झटपट उपाय हा फरक सांगायला विसरतात. हातातली रेकॉर्ड कुठली हे वजनावरून, जाडीवरून आणि लेबलवरच्या ७८ आकड्यावरून कळतं. शंका असेल तर लाखेचीच समजा.

सरबत सांडलं की लगेच सुई उचला, प्लेअरचं फिरणं बंद करा. मऊ सुती कापडानं थेंब टिपून घ्या, घासू नका. शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब, त्यात कापड बुडवून घट्ट पिळा आणि खाचांच्या दिशेनं, म्हणजे गोलाईनं, हलक्या हातानं पुसा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडानं, मग कोरड्या कापडानं. मधलं कागदी लेबल कोरडंच राहिलं पाहिजे. ७८ पाण्यात बुडवून ठेवायची नाही. पुसल्यावर दोन तास उभी ठेवून वाळवा आणि मगच लावा. चिकट खाचेत सुई फिरवली तर साखरेचा गोळा टोकावर बसतो आणि पुढची चांगली रेकॉर्डही खराब वाजते. घरात मद्य घेणारं कुणी असेल तर तो पेला ७८च्या खोलीतच नको.

काही लहान गोष्टी

भडंग खाल्लेल्या हातानं रेकॉर्ड धरू नका. तेल आणि तिखट खाचांत जातं, ते धुळीला धरून ठेवतं. शिवाय कुरकुरीत खाताना चावण्याचा आवाज हाडांतून थेट कानात पोचतो, बारीक श्रुती, सुरांमधले सूक्ष्म फरक, त्याखाली दबतात.

सोलकढी दोन तास आधी मिसळून ठेवली की नारळाचं दूध वर आणि कोकमाचं पाणी खाली होतं. एका नारळाचं दूध आणि आठ-दहा आमसुलांचं पाणी वेगवेगळं गार करा, प्यायच्या पंधरा मिनिटं आधी एकत्र करा. गरम तर कधीच करू नका, फुटते.

उसाचा रस घरी आणून ठेवायची गोष्टच नाही. गुऱ्हाळावर प्या, मग घरी येऊन ऐका.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण, म्हणजे नुकतं काढलेलं, दूध पिणं वेगळं आणि तेच किटलीत घालून घरी आणून तासाभरानं कच्चं पिणं वेगळं. घरी आणलं की आधी उकळा. आणि दीड पेला म्हशीचं दूध पिऊन विलंबित ऐकायला बसलात तर डोळे मिटणारच.

थंडाई करणार असाल तर सकाळीच ठरवा. एका माणसाला दहा-बारा बदाम, एक चमचा खसखस, एक चमचा मगज बी, अर्धा चमचा बडीशेप, चार-पाच मिरी, एक वेलदोडा. बदाम आठ तास भिजत हवेतच. गरम पाण्यात अर्धा तास ठेवून साल काढणाऱ्यांची थंडाई तोंडात रवाळ लागते. तालमीतले पहिलवान घोटतात तेवढं घोटायला जमणार नाही, मिक्सर चालेल, पण दुपारीच. पातळ मलमलीच्या कापडातून दोनदा गाळा, दोन तास गार करा, आणि पेल्यात ओतताना तळाचा शेवटचा घोट भांड्यातच राहू द्या. सगळा गाळ तिथं बसलेला असतो.