मोअरवरच्या गावाचा इतिहास शोधायचाय? आधी चर बघा

ब्रेमेन शहराच्या ईशान्येला टॉयफेल्समोअर नावाचा सपाट, ओला मुलूख आहे. शेवाळ आणि गवत हजारो वर्षं पाण्यात न कुजता साठत गेलं की काळपट, स्पंजासारखा थर होतो, तो पीट. अशी पीटची जमीन म्हणजे मोअर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हानोवरच्या सरकारने इथे चर खणून पाणी काढलं आणि माणसं वसवली. मी पेणकडच्या खारपट्ट्यातला. आमचं गाव खाडीचं पाणी बांधाबाहेर रोखून उभं राहिलं, ही गावं आतलं पाणी बाहेर काढून. ब्रेमेनला आल्यापासून माझे बरेचसे रविवार याच गावांत गेले आहेत. अशा गावाचा इतिहास कसा शोधायचा, ते मी करतो तसं सांगतो.

नावावर जाऊ नका. टॉयफेल म्हणजे सैतान, पण या नावात सैतान नाही. जुन्या बोलीत बहिरं म्हणजेच नापीक अशा अर्थाचा शब्द होता, त्याचा पुढे सैतान झाला.

पहिल्या दिवशी कागदांना हात लावू नका. १७६४ ते १७८६ या काळात हानोवरच्या लष्करी अधिकाऱ्यांनी केलेल्या मोजणीचे नकाशे छापील मिळतात. तुमच्या गावाचा तेवढा भाग घ्या, आजच्या नकाशाशेजारी ठेवा आणि निघा. सरळ रेघेत गेलेला चर दिसला की थांबा. गाव त्या चरामुळेच आहे. चरालगत एका रांगेत घरं, प्रत्येक घरामागे अरुंद लांब पट्टी, थेट मागच्या मोअरपर्यंत. ही आखणी बरीचशी युर्गेन क्रिस्तियान फिनडोर्फची. १७२० मध्ये जन्मलेला हा माणूस मूळचा सुतारकामातला. १७७१ मध्ये तो मोअरचा कमिशनर झाला आणि १७९२ मध्ये वारला.

आता पट्टीवरून मागे चालत जा. बूट उंच घाला, ऑगस्टमध्येसुद्धा. कुठेतरी जमीन पायरीसारखी वर चढते. त्या कडेजवळ गुडघ्यावर बसून बघा: खाली काळा, दाट थर, वर तपकिरी, त्यात शेवाळाचे धागे अजून ओळखू येतात. पीट खणणं जिथे थांबलं ती ही कड. खालची सगळी जमीन माणसाने फावड्याने उतरवलेली आहे. मी ती कड पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही.

पीट वसंतात खणायचं, उन्हाळ्यात वाळवायचं, मग तपकिरी शिडाच्या होडीतून ब्रेमेनला सरपण म्हणून विकायचं. पाणी टिकावं म्हणून चरांत ठिकठिकाणी झडपा होत्या. होडी आली की फळ्या आडव्या व्हायच्या, होडी पुढे गेली की पुन्हा उभ्या. ते मला समजायला वेळ लागला नाही, आमच्या उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारंही पाण्याच्या रेट्यानेच उघडमीट करतात. गावातल्या छोट्या संग्रहालयात घोड्याचे लाकडी जोडे मागून बघा. खुराखाली बांधायच्या रुंद फळ्या, घोडा रुतू नये म्हणून.

मग चर्च. ग्रासबेर्गचं चर्च फिनडोर्फनेच उभं केलं, १७८९ मध्ये ते खुलं झालं. आतला ऑर्गन त्याहून जुना, आर्प श्निटगरने हॅम्बुर्गच्या अनाथालयासाठी बांधलेला. पण पहिल्या वसाहतकऱ्यांची थडगी शोधत फिरू नका. जर्मनीत थडग्याची जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते, मुदत संपली की ती दुसऱ्याला. ती माणसं आता सापडतात ती चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांत.

वह्या जुन्या कुरेंट लिपीत आहेत. आठवडाभर रोज अर्धा तास ती लिपी गिरवा, विशेषतः ‘ए’ आणि ‘एन’, दोन्ही अगदी सारखी दिसतात. मी घाई केली. ‘आनबाउअर’ हे आडनाव समजून एकाच घराण्याची भलीमोठी वंशावळ मांडली. आनबाउअर म्हणजे नव्याने जमीन कसायला आलेला माणूस! ‘हॉइसलिंग’ म्हणजे जमीन नसलेला, दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणारा. हे दोन शब्द पाठ करूनच बसा.

दुसरी गोष्ट, आडनावामागे न जाता घरक्रमांकामागे जा. कर्ता माणूस गेला की विधवा पुन्हा लग्न करायची, दुसरा नवरा पोरगा मोठा होईपर्यंत शेत सांभाळायचा. वहीत आडनाव बदलतं, क्रमांक तोच राहतो. माझ्या वहीत एका क्रमांकाला एक पान आहे.

तिकडे सगळ्यांच्या तोंडी एक म्हण आहे: पहिल्याला मरण, दुसऱ्याला मरमर, तिसऱ्याला भाकर. ती ऐकून लगेच लिहून टाकू नका, त्या पानावर पडताळा. पहिल्या पिढीतली किती मुलं पाच वर्षांच्या आत गेली, ते मोजा. मोजताना नावं मोठ्याने वाचा. घाईत वाचलं की दोन वेगळी मुलं एकच वाटतात, कारण गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला ठेवायची रीत होती.

पान भरलं की त्याची प्रत त्या क्रमांकाच्या घरी आज राहणाऱ्यांना नेऊन द्या. मी एका आजींना दिली. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली, एका नावावर बोट ठेवलं आणि उठून माळ्यावरून पीट कापायचं फावडं खाली आणलं. दांड्याला कोरलेली अक्षरं त्याच नावाची होती.