टीम लीड झालात? मग या चुका तरी टाळा

दरवर्षी अप्रेझल होऊन दोन-तीन महिने गेले की सॉफ्टवेअर टीमचे नवे लीड, म्हणजे टीमप्रमुख, एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. "स्वतःसाठी वेळच उरत नाही हो." पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "कुठलं ॲप वापरू?" कुणी पहाटे पाचला उठायला सुरुवात केलेली असते, कुणी कॅलेंडर सात रंगांत रंगवलेलं असतं. ज्याच्यावाचून टीमचं पान हलत नाही अशा माणसाला पहाटे पाचला उठवलं, तर तो पाचपासून कामाला लागतो. बाकी काही बदलत नाही. वेळ कमी पडतो, कारण सगळं काम तुमच्या टेबलावरून जातं. पण हे ऐकायला कुणी थांबत नाही, कारण त्याला महिने लागतात आणि ॲप दोन मिनिटांत डाउनलोड होतं.

सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला

ही सगळ्यात महाग चूक, आणि ती नेमकी चांगले डेव्हलपरच करतात. "समजावून सांगायला दोन तास जातील, मी अर्ध्या तासात करतो." त्या दिवसापुरतं हे खरंही असतं.

हिंजवडीतल्या एका कंपनीत आमच्या शेजारच्या टीमचा लीड असाच होता. डोकं तल्लख, हात स्वच्छ. पेमेंटचं मॉड्यूल त्याने स्वतः लिहिलेलं, त्यामुळे लीड झाल्यावरही ते सोडवेना. त्याच्या ॲप्रूव्हलशिवाय त्यातला कोड मर्ज होत नसे, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नसे, आणि प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमवर, डिप्लॉय करायची परवानगीही त्याच्या एकट्याकडे. गौरी-गणपतीला गडी लॅपटॉप घेऊन गुहागरकडे गावी गेला. घरात नेटवर्क नाही, रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढून जावं लागायचं. नेमकं गौरीपूजनाच्या दिवशी काही ग्राहकांना रिफंड दोनदा जायला लागले. इकडे पुण्यात दोन पोरांनी दुपारपर्यंत कारण शोधलं. एक अट चुकली होती, ती दुरुस्त केली, टेस्ट लिहिली आणि पुल रिक्वेस्ट (बदल मंजूर करा अशी विनंती) टाकून बसले. बसलेच. घरात ओवसे, पाहुणे, पुरणाचा स्वयंपाक, आणि याचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. संध्याकाळी तो सड्यावर पोचला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाच मिनिटांत ॲप्रूव्ह केलं. तोवर दिवसभर पैसे जात राहिले आणि क्लायंटचं एस्कलेशन, म्हणजे तक्रार, थेट वरपर्यंत गेलं.

खरी गंमत पुढे आहे. महिन्याच्या मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं. सणाच्या दिवशीसुद्धा काम केलं म्हणून टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा मला आजही राग येतो. दुपारीच उत्तर काढून बसलेल्या दोघांचं नावही कुणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी तोच धडा घेतला: अडकवून ठेवा, मग सोडवा, मग टाळ्या घ्या.

पुढे त्याने ते मॉड्यूल टीममधल्या एका मुलीकडे दिलं. सुरुवातीला तिचा एक रिलीज (ग्राहकांपर्यंत गेलेला बदल) मागे घ्यावा लागला. तिला वेळही दुप्पट लागायचा. याचे हात शिवशिवायचे. ही किंमत मोजावीच लागते. नवे लीड इथेच माघार घेतात आणि म्हणतात, "बघा, मी केलं असतं तर झालं असतं."

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. ज्या तिकिटावर, म्हणजे नोंदवलेल्या कामावर, रिलीज अवलंबून आहे त्यावर मी माझं नाव ठेवत नाही. कोड लिहायची खाज असतेच, ती मी मधूनच फेल होणाऱ्या टेस्ट आणि लॉगमधला (सिस्टीमच्या नोंदींमधला) कचरा साफ करून भागवतो. आणि अधूनमधून बुधवारी रजा टाकतो. शुक्रवारी टाकून उपयोग नाही, शुक्रवारी तसंही काही हलत नसतं. बुधवारी लॅपटॉप उघडायचा नाही. गुरुवारी सकाळी जे जे अडलेलं दिसतं, ती कुणाला काय सोपवायचं याची यादी.

अमेरिकेच्या घड्याळावर स्वतःचं घर लावणं

क्लायंटचा रोजचा कॉल घ्या. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे रात्री आठवर येतो. पश्चिम किनाऱ्याच्या नऊच्या कॉलचं तर विचारूच नका, साडेनऊचे साडेदहा होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हे असंच चालतं. चार महिने रोजचा एक तास गेला, आणि तो कुणी मागितलासुद्धा नव्हता! इन्व्हाइट तिकडच्या वेळेवर बनवलेलं होतं, बास.

माझ्या टीमचं रोजचं इन्व्हाइट मी भारतीय वेळेवर बनवतो. मग नोव्हेंबरात फरक त्यांच्या बाजूला पडतो. तिकडून कुणीतरी विचारतंच, "आता साडेआठला कसं काय?" तिथून बोलणं सुरू होतं. बहुतेक वेळा मधला तोडगा निघतो, आठवड्यातले दोन कॉल लेखी अपडेटवर येतात. क्लायंट वाईट नसतो, त्याला आपला घड्याळी हिशेब ठाऊकच नसतो. आपण सांगायला लाजतो आणि मग भूमकर चौकात अडकलेल्या गाडीत, कानात इअरफोन घालून, "यू आर ऑन म्यूट" ऐकत बसतो.

आणि लीड म्हणून प्रत्येक कॉलला हजेरी लावायची गरज नसते. पाळी लावा. टीममधला कुणीही स्टेटस वाचून दाखवू शकतो.

"झोपायच्या आधी एवढं करून टाकतो"

नका करू. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत काय झालं ते त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय. रात्रीचे साधारण अकरा वाजले होते, इंजिनिअर काम थांबवून उठणार होता, तेवढ्यात डेटाबेसच्या प्रतीचा घोळ निघाला म्हणून तो थांबला. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा काढायचा होता, कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. नेहमीचे बॅकअप पाहिले तर ते होतच नव्हते, आणि तसं सांगणारे ईमेल नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची प्रत, होता, म्हणून नुकसान सहा तासांच्या डेटावर निभावलं. त्या इंजिनिअरला त्यांनी बळीचा बकरा केला नाही, हे मला विशेष आवडलं.

आमच्याकडे रात्री नऊनंतर प्रॉडक्शनवर एकट्याने हात लावायचा नाही. आग लागली असेल तर दुसऱ्याला उठवा, तो फक्त स्क्रीन बघत बसला तरी चालेल.

उरलेल्या, भराभर

रात्री अकराला "उद्या बघ, घाई नाही" असा मेसेज टाकणं. समोरचा आत्ताच बघतो. शेड्यूल सेंड नावाचं बटण आहे.

उशीर झालेल्या प्रोजेक्टवर बेंचवरची, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेली, चार माणसं मागून घेणं. सॉफ्टवेअर तज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 सालीच सांगितलंय की यानं उशीर वाढतो. नव्यांना केटी (कामाची माहिती) कोण देणार? तुम्हीच. कधी? रात्री.

कॉलवर, सगळ्यांसमोर, विचार न करता तारीख देणं. "उद्या सांगतो" म्हटल्याने आजवर कुणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

आठवड्याला सत्तर तास काम केल्याची फुशारकी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अभ्यासात 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त दिसला. तुमच्याबरोबर टीमलाही त्यात ओढताय.

कायदा येईल म्हणून वाट बघणं. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर 'डिस्कनेक्ट' होण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

सण शेवटच्या आठवड्यात सांगणं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो आणि त्याचा रिलीज फ्रीज (नवे बदल बंद ठेवायचा काळ) क्लायंटच्या प्लॅनमध्ये कधीचा लिहिलेला असतो. गणपती-दिवाळीच्या तारखाही आपल्याला वर्षभर आधी कळतात. त्या आपण आठवडाभर आधी ईमेल करतो आणि वर म्हणतो, त्यांना आपल्या सणांची कदर नाही. जानेवारीतच टाका. गणपतीत ज्याने ऑन-कॉल (बिघाड झाल्यास हजर राहायची पाळी) घेतला त्याला दिवाळीत सुट्टी, हेही तेव्हाच लिहून ठेवा. आणि कोकणात जाणाऱ्यांची रजा रेल्वेचं बुकिंग उघडायच्या आधी मंजूर करा. ती तिकिटं बघता बघता संपतात, तुमच्या ॲप्रूव्हलसाठी थांबत नाहीत.