ग्लूटेन बंद करायचंय? आधी डबे भरा

ग्लूटेन म्हणजे गहू, जव, राय यांतलं प्रथिन. ते सोडायचं तर पहिली गोष्ट रक्ताची तपासणी, आणि ती गहू खात असतानाच करायची. सीलिॲकची, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका असेल तर रक्तात टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडी आणि त्यासोबत एकूण आयजीए बघतात, गरज वाटली तर एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात. गहू सोडला की अँटीबॉडी उतरायला लागतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायची वेळ येते. तेव्हा 'आधी सोडून बघू, बरं वाटलं तर तपासू' हा क्रम उलटा आहे.

काय बंद, हे बहुतेकांना माहीत असतं: गहू, मैदा, रवा, जव, राय. मॉल्ट बहुधा जवाचं असतं, हे मात्र विसरलं जातं. बिस्किटं, चॉकलेटं, दुधात घालायच्या पावडरी, बिअर, सगळीकडे ते सापडतं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं, तयार सूप मैद्याने दाट केलेलं असू शकतं. पाकिटावर 'गहू नाही' लिहिलंय म्हणजे ग्लूटेन नाही असं नव्हे, जव आत असू शकतो.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते. पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरात शिजवलेलं, थंड केलेलं, डब्यात भरलेलं अन्न तयार पाहिजे. सामान भरून ठेवलंय एवढ्यावर भागत नाही. कच्चे तांदूळ आणि न भिजवलेले चणे भुकेच्या वेळी काहीच कामाचे नसतात. भूक लागल्यावर माणूस लेबल वाचत नाही, समोर असेल ते खातो, आणि समोर बहुतेक वेळा गहूच असतो. आहार मोडतो तो इथे.

एका माणसाच्या दोन दिवसांचा अंदाज असा: 400 ग्रॅम तांदूळ, 250 ग्रॅम सुके चणे किंवा राजमा, एक किलो बटाटे, सहा अंडी, 200 ग्रॅम शेंगदाणे, शिवाय तेल आणि जी स्वस्त असेल ती भाजी. यातून दिवसाला साधारण 2,300 कॅलरी मिळतात. अंडी खात नसाल तर डाळ वाढवा. चणे रात्रभर भिजवा, शिजल्यावर दुपटीहून जास्त भरतात. बटाटे आणि अंडी सालासकट उकडून ठेवा, म्हणजे टिकतात. भात मात्र पातेल्यात तसाच ठेवून देऊ नका. पसरट ताटात काढा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रीज नसेल तर भात ताजा करा आणि साठ्याला शेंगदाणे, फुटाणे, केळी ठेवा.

एक डबा पिशवीत. रोज. 'तासाभरात परत येतोय' म्हणूनही डबा न घेता बाहेर पडू नका. मूठभर शेंगदाणे आणि दोन केळी एवढं असलं तरी पुरे, पण पिशवीत असलंच पाहिजे.

भूक पहिल्या आठवड्यांत जास्त लागते असं बरेच जण सांगतात. त्याचं एक साधं कारण ताटातच असतं: गहू काढला आणि त्याच्या जागी काकडी-टोमॅटो आले. गेलेल्या धान्याची जागा धान्यानेच भरा, सोबत डाळ आणि चमचाभर तेल किंवा तूप. नुसत्या कुरमुऱ्यांवर राहू नका. वाडगाभर कुरमुऱ्यांचं वजन नगण्य असतं, अर्ध्या तासात पोट पुन्हा रिकामं. तंतुमय पदार्थ कमी पडले की बद्धकोष्ठताही होते, म्हणून रोज एखादी कडधान्याची उसळ आणि भरपूर पाणी. दूध पचेनासं झालं तर घाबरू नका. आतड्याला इजा असताना लॅक्टोज पचत नाही, आतडं भरून आलं की बहुतेकांना पुन्हा चालतं.

पैसे वाचवायचे तर 'ग्लूटेन-फ्री' छापलेले ब्रेड आणि बिस्किटं सोडा. महाग असतात, आणि त्यांत बरेचदा नुसता स्टार्च आणि साखर. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, बटाटे यांत मुळातच ग्लूटेन नाही. पण अख्खं धान्य घ्या, ताटात पसरून निवडा, धुवा. डाळीत गव्हाचा किंवा जवाचा दाणा सर्रास निघतो. दाणा दिसतो, वेचून टाकता येतो. पीठ एकदा मिसळलं की काहीच करता येत नाही. म्हणून जिथे आधी गहू दळला गेलाय त्या चक्कीचं पीठ नको. घरी मिक्सरवर थोडं थोडं दळा, किंवा पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पीठ घ्या. पैसे घालायचेच तर ते इथे घाला. 'ग्लूटेन-फ्री' या शब्दाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेन अशी आहे. ओट्सही असेच प्रमाणित असतील तरच.

या पिठांच्या भाकऱ्या तुटतात, कारण बांधून धरणारं ग्लूटेनच नसतं. उकळतं पाणी घालून झाका, दहा मिनिटांनी मळा, लगेच वापरा. तरीही तुटत असेल तर 100 ग्रॅम पिठाला 5 ग्रॅम इसबगोल.

स्वयंपाकघरात लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी आणि टोस्टर वेगळे हवेत, कारण फटीतलं पीठ धुऊन निघत नाही. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. ग्लूटेन उष्णतेने नष्ट होत नाही, तेव्हा ज्या तेलात मैद्याचं काही तळलंय ते तेल बाद. घरात गहू मळला जात असेल तर तुमचं अन्न आधी शिजवून झाकून ठेवा.

बाहेर जेवायचं असेल तर जाण्याआधी खाऊन निघा. प्रवासात डबा दुप्पट. पाहुणे म्हणून जाताना आदल्या दिवशी फोन करा. गोळ्यांमध्ये कुठला स्टार्च आहे ते औषधवाल्याला विचारा, पण औषध स्वतःहून बंद करू नका. लोह, फोलेट, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. टीटीजी पुन्हा साधारण सहा महिन्यांनी.