पाकिटाची साखळी: या चुका टाळा

पाकीट कमरपट्ट्याला अडकवून ठेवणारी, हाताने घडवलेली धातूची साखळी तुटते ती बहुतेक वेळा सांध्यात, आणि आपली सारी निगा मात्र चकाकीवर खर्च होते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कडीला कडी जिथे टेकते तिथे चालता-बसताना धातू सतत घासला जातो, म्हणून महिन्यातून एकदा साखळी सैल धरून, कड्या सरकवून त्यांची आतली बाजू उजेडात पाहावी. तिथे खोल खाच पडून तार निम्मी उरली असेल, तर ती कडी तुटण्याची वाट न पाहता बदलावी.

डाख न दिलेल्या, म्हणजे वितळवलेल्या धातूने टोके न सांधलेल्या कडीच्या फटीत नख अडकू लागले, की ती उघडत चालली आहे असे समजावे. पुष्कळ जण अशी कडी उघडताना तिची टोके बाहेरच्या बाजूला फाकवतात; त्याने गोलाई जाते आणि टोके पुन्हा जुळत नाहीत. दोन पकडींनी दोन्ही बाजू धरून एक टोक पुढे आणि दुसरे मागे सरकवावे, मिटवताना तीच क्रिया उलट करावी. पाकीट जड असेल तर शेवटच्या कड्यांना डाख द्यायलाच हवा.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ टूथब्रश पुरेसा असतो. मात्र नंतर कड्यांच्या सांध्यांतले पाणी पूर्ण वाळू द्यावे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असल्याने ते लिंबाच्या रसात फार वेळ ठेवल्यास जस्त निघून जाते आणि पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. अमोनिया असलेला द्रव तर पितळेजवळ आणूच नये, कारण ताणाखाली असलेल्या कडीला त्याने तडे जाऊ शकतात. स्टेनलेस स्टीललाही क्लोरीनचे ब्लीच सोसत नाही.

92.5 टक्के चांदीच्या साखळीवरचा काळेपणा दोन प्रकारचा असतो. एक हवेतल्या गंधकाने येतो, तर दुसरा नक्षी उठून दिसावी म्हणून कारागिराने मुद्दाम दिलेला असतो. चांदी उजळण्याच्या द्रवात साखळी बुडवली, की दोन्ही निघून जातात आणि खोलगट भागांतली ती छाया परत आणायची तर साखळी पुन्हा काळी करून घ्यावी लागते. मी एकदा अशी साखळी रबरबँडने गुंडाळून ठेवली होती. रबरातल्या गंधकाने नेमका त्याच्याच रुंदीचा काळा पट्टा उमटला. तेव्हापासून ती मऊ कापडात, बंद पिशवीत ठेवतो.